तेलाचे मूळ, तेलाचे कूळ

माझे आजोळ गुहागरचे. मे महिन्याच्या अखेरीस वारा फिरला, समुद्राचा रंग मातकट झाला, की किनाऱ्यावर काळे गोळे येऊन पडत. काही वाटाण्याएवढे, काही लिंबाएवढे, एखादा भाकरीसारखा चपटा. अंगाला वाळू आणि शिंपल्यांचा चुरा चिकटलेला असल्यामुळे ते दगडच वाटत. पाय पडला की कळे. मग त्या पायांनी घरात प्रवेश नसे. आजी मागीलदारी खोबरेल तेलाची वाटी आणि जुनेराची चिंधी घेऊन बसे आणि एकेकाचे तळवे घासून काढी. पाण्याने न निघणारे डांबर तेलाने निघते, हा रसायनशास्त्रातला माझा पहिला धडा. "हे येतं कुठून?" असे मी एकदा तिला विचारले. "आगबोटींची घाण ती." कुठल्या आगबोटीची, यावर तिने ठेवणीतली म्हण काढली : नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये. "आणि या घाणीचं तर मुळीच नको. पाय पुढे कर."

त्या सुट्टीत मी एक गोळा औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून मुंबईला आणला. पुढे तीस-पस्तीस वर्षे महाविद्यालयात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले, तीन घरे बदलली, पण बाटली टिकली. आजीने उडवून लावलेल्या प्रश्नाचे उत्तर देणारे शास्त्र विसाव्या शतकात उभे राहिले आहे. खनिज तेलाचे मूळ शोधता येते आणि कूळही. मूळ सापडले की जबाबदार कोण हेही आपोआप ठरते, असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. अलास्कातल्या एका प्रकरणाचे कागद वाचू लागलो तेव्हा ती समजूत गेली. त्या प्रकरणापर्यंत जाण्यासाठी आधी तेलातल्या खुणा कशा सापडल्या ते सांगायला हवे.

एकोणिसाव्या शतकात खनिज तेल कशापासून होते याविषयीच एकमत नव्हते. आवर्तसारणीचा जनक मेंडेलीव्ह १८७६ मध्ये अमेरिकेत जाऊन पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरी पाहून आला आणि पुढच्या वर्षी त्याने असे मत मांडले की, पृथ्वीच्या पोटात खोलवर लोखंडाच्या कार्बाइडांवर पाण्याची क्रिया होऊन तेल तयार होते; सजीवांचा त्याच्याशी संबंध नाही. तेल हे प्राचीन जीवांचे अवशेष आहेत असे मानणारा दुसरा पक्षही तेवढाच जुना होता. दोन्हीकडे तर्क भरपूर होते. खुद्द तेलाच्या थेंबातून काढलेला पुरावा मात्र कोणाकडेच नव्हता.

तो म्युनिकमध्ये मिळाला, आणि तेलाशी कामाचा फारसा संबंध नसलेल्या माणसाला मिळाला. हान्स फिशर हा तिथल्या तांत्रिक विद्यापीठात रक्ताला लाल करणाऱ्या हेमिनवर आणि पानाला हिरवे करणाऱ्या क्लोरोफिलवर काम करत होता. १९३० चे नोबेल त्याला त्याबद्दलच मिळाले. या दोन्ही रंगद्रव्यांच्या मुळाशी एकच रचना असते. नायट्रोजनचे चार अणू आत तोंड करून बसलेले एक मोठे कडे, ज्याला पॉर्फिरिन म्हणतात. रक्तात कड्याच्या मधोमध लोखंड असते, पानात मॅग्नेशियम. फिशरच्या हाताखाली आल्फ्रेड ट्राइब्स नावाचा रसायनज्ञ होता. पॉर्फिरिनमधून प्रकाश गेला की वर्णपटात कुठे कुठे काळे पट्टे उमटतात, हे त्याला तोंडपाठ होते. १९३४ पासून त्याने कच्चे तेल, तेलयुक्त शेल आणि कोळसा यांचे नमुने तपासायला घेतले, आणि त्याला तेच पट्टे दिसले. कड्यातले मॅग्नेशियम जाऊन तिथे व्हॅनेडियम बसले होते, बाजूच्या काही फांद्या झडल्या होत्या, पण कडे शाबूत होते. क्लोरोफिलपासून या रेणूपर्यंत पायरीपायरीने काय घडले असेल, तेही त्याने मांडून दाखवले. शिवाय हे कडे फार मोठ्या उष्णतेत टिकत नाही. म्हणजे ज्या तेलात ते आहे ते तेल कुठल्या भट्टीत तयार झालेले नाही. मंद आचेवर, लाखो वर्षे, गाळाच्या थरांत शिजलेले आहे.

गर्दीत शाळेतला मित्र केस गेलेला, दात पडलेला दिसावा आणि तरी चालीवरून ओळखू यावा, तसे हे ओळखणे होते. तेलकंपन्यांच्या प्रयोगशाळांतल्या लोकांच्या हातात तेल कमी नव्हते. त्यांना ही चाल माहीत नव्हती, एवढेच.

ट्राइब्सने तेल सजीवांपासून आले एवढे दाखवले. पण एक तेल दुसऱ्यापासून वेगळे कसे ओळखायचे? त्यासाठी दुसऱ्या एका रेणूची गरज होती, आणि त्याच्या नावाची कथा आपल्या ओळखीच्या एका शब्दापासून सुरू होते. 'हॉब्सन-जॉब्सन' या इंग्रजी कोशात 'डॅमर' अशी नोंद आहे. जहाजांच्या फळ्यांतल्या फटी बुजवायला डांबराऐवजी वापरायची झाडाची राळ, असा तिचा अर्थ, आणि मूळ शब्द मलय-जावी 'दमर'. आपल्या 'डांबर'चे नातेही बहुधा तिकडचेच. (कपाटातल्या डांबरगोळीचे मात्र वेगळे, ती नॅप्थलिनची, आणि नॅप्थलिन पूर्वी दगडी कोळशाच्या डांबरातून काढत, म्हणून ते नाव.) ही दमर राळ तैलचित्रांवर वार्निश म्हणूनही लावतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रांच्या काळजीपोटी मिल्स आणि वर्नर या दोघांनी ती राळ उकलून पाहिली आणि १९५५ मध्ये तीतून पाच कड्यांची साखळी असलेला एक रेणू वेगळा केला. राळ देणाऱ्या झाडांत होपिया नावाची एक प्रजाती आहे, तिच्यावरून या सांगाड्याला पुढे 'होपेन' म्हणू लागले. होपिया हे नाव कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने एडिंबरोतले आपले गुरू जॉन होप यांच्या स्मरणार्थ दिलेले. एका स्कॉटिश प्राध्यापकाचे आडनाव कोलकात्यातून झाडाला, झाडावरून राळेतल्या रेणूला आणि तिथून जगभरच्या कच्च्या तेलाला चिकटले.

कारण होपेन सगळीकडे सापडू लागले. साठ-सत्तरच्या दशकांत फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे गी उरिसाँ आणि पिएर अल्ब्रेश्त यांनी गाळ, खडक, कोळसा, तेल यांचे नमुने तपासले. होपेन नाही असा नमुना मिळेना. पृथ्वीवर झाडे उगवण्याआधीच्या खडकांतही ते होते. मग राळेचा संबंध काय? संबंध नव्हताच. आपल्या पेशींच्या पडद्याला कोलेस्टेरॉल जशी बळकटी देते, तशी अनेक जिवाणूंच्या पडद्याला होपेनची भावंडे देतात. जिवाणू मरतात, गाळात गाडले जातात, आणि हा सांगाडा उरतो. पृथ्वीवरच्या गाळांत साठलेले हे द्रव्य इतके प्रचंड असावे की, सगळ्या जिवंत सृष्टीतल्या सेंद्रिय कार्बनशी त्याची तुलना करता येईल, असा उरिसाँचा अंदाज होता.

होपेन सगळ्या तेलांत असेल तर त्यावरून एक तेल दुसऱ्यापासून वेगळे कसे काढायचे, असा प्रश्न वाचकाला पडेल. होपेन एक नाही, ते मोठे खटले आहे. कुणात कार्बनचे २७ अणू, कुणात ३०, कुणात ३५. कुणाचा एक हायड्रोजन वर, कुणाचा खाली. त्यांचे एकमेकांशी प्रमाण तेलागणिक बदलते, कारण गाळ कुठला होता, त्यात प्राणवायू होता की नाही, तो किती तापला, यावर ते ठरते. काही नातलग तर एखाद्याच घरात आढळतात. २८,३०-बिसनॉरहोपेन हा त्यातला एक. कॅलिफोर्नियाच्या तेलात तो ठळक दिसतो. ओलिअनेन हा आणखी एक रेणू, होपेनच्या बरोबरीने मोजला जाणारा, पण वंशाने वेगळा : तो फुलझाडांकडून येतो. पृथ्वीवर फुलझाडे पसरली त्याआधीच्या गाळातून आलेल्या तेलात तो सहसा नसतो. म्हणजे ओलिअनेन ठळक असेल तर ते तेल फार म्हातारे नाही, असा अंदाज बांधता येतो. स्वभावाने हे सगळे रेणू चिवट. समुद्रावर तेल सांडले की हलके भाग उडून जातात, सरळ साखळीचे रेणू जिवाणू खातात, ऊन उरलेल्याला जाळते. होपेनच्या पाच कड्यांना मात्र लवकर कुणी तोंड लावत नाही.

हे मोजायला यंत्र लागते. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीची पद्धत मांडली. लांब बारीक नळीतून मिश्रणाची वाफ सोडायची. प्रत्येक रेणू आपापल्या वेगाने बाहेर पडतो. पुढे तिला मास स्पेक्ट्रोमीटर जोडला गेला, जो बाहेर पडलेल्या रेणूचे तुकडे करून त्यांचे वजन करतो. होपेनचा तुकडा १९१ वजनाचा पडतो. तेवढाच तुकडा मोजत राहिले की कागदावर डोंगररांग उमटते. ती रांग म्हणजे त्या तेलाचा ठसा.

'ठसा' हा शब्द या शास्त्राने पोलिसांकडून उसना घेतला आहे, आणि उसनवारीबरोबर एक अडचणही आली आहे. बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात निघाले. तिथल्या अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस यांची कामगिरी ठसे घेण्याची नव्हती. हजारो ठसे अशा क्रमाने लावण्याची होती की हवा तो सापडावा. ज्याचा ठसा दप्तरात नाही, तो चोर सापडत नाही. तेलाचेही तसेच. १९८८ मध्ये रुलकोटर आणि निसेनबाउम यांनी इजिप्तमधल्या ममींवरचा काळा लेप मृत समुद्रातल्या डांबराशी जुळवून दाखवला, तो मृत समुद्रातले डांबर आजही उपलब्ध आहे म्हणून.

आता अलास्का.

२४ मार्च १९८९, गुड फ्रायडे. मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला होता. व्हाल्डीझ बंदरातून अलास्काच्या उत्तर उतारावरचे तेल भरून निघालेला 'एक्सॉन व्हाल्डीझ' हा टँकर प्रिन्स विल्यम साउंड या आखातातल्या ब्लाय रीफ नावाच्या खडकावर चढला. सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल, म्हणजे ४ कोटी लिटरहून अधिक, समुद्रात गेले. २,००० किलोमीटरच्या आसपास किनारा कमीअधिक माखला. मेलेले पक्षी, ऊदमांजरे, खडक पुसणारी माणसे ही चित्रे तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली होती. १९९१ मध्ये कंपनी आणि अमेरिकेची सरकारे यांच्यात ९० कोटी डॉलरची तडजोड झाली. तिच्यात एक कलम होते : तडजोडीच्या वेळी कल्पना नव्हती असे नुकसान पुढे उघडकीस आले, तर आणखी १० कोटी डॉलरपर्यंत मागता येतील. हे कलम लक्षात ठेवावे. ते पुढे येणार आहे.

जहाज कुणाचे, तेल कुणाचे, यात रहस्य काहीच नव्हते. तरीही अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे कीथ क्वेनवोल्डेन आणि त्यांचे सहकारी किनाऱ्यावरचे अवशेष खरवडून तपासू लागले. सांडलेले तेल कुठवर गेले आणि त्याचे काय होते आहे, हे त्यांना पाहायचे होते. क्वेनवोल्डेन यांचे आधीचे एक काम इथे सांगण्याजोगे आहे. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावाजवळ उल्का पडली. तिच्यात अमिनो आम्ले आहेत, आणि ती हाताळणाऱ्याच्या घामातून आलेली नसून उल्केबरोबरच आली आहेत, हे दाखवणाऱ्या १९७० च्या निबंधाचे ते प्रमुख लेखक. हे इथले की बाहेरून आलेले, हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडलेला होता.

खडकांवरच्या अवशेषांत त्यांना दोन जाती सापडल्या. एक टँकरमधल्या तेलाशी जुळणारी, अपेक्षित. दुसरी, छोट्या घट्ट गोळ्यांची आणि पापुद्र्यांची, जुळेना. या गोळ्यांत ओलिअनेन होते. टँकरमधल्या तेलात ते नव्हते. उत्तर उतारावरच्या तेलाचा मोठा वाटा ट्रायासिक काळातल्या, म्हणजे २० कोटी वर्षांहून जुन्या खडकांतून येतो, तेव्हा फुलझाडांचा पत्ता नव्हता. गोळ्यांत २८,३०-बिसनॉरहोपेन होते. कार्बनच्या समस्थानिकांचा हिशेबही वेगळा निघाला. निसर्गातल्या कार्बनमध्ये १२ वजनाचे अणू बहुसंख्य आणि १३ वजनाचे थोडे असतात. त्यांचे प्रमाण ठरावीक मानकापेक्षा हजारी किती कमी, ते उणे आकड्यात मांडतात. टँकरच्या तेलाचा आकडा उणे २९ च्या आसपास होता, गोळ्यांचा उणे २४ च्या आसपास. तेलाच्या व्यवहारात हे अंतर फार मोठे. सगळ्या खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या : मायोसीन काळातला मॉन्टेरे नावाचा खडक, कॅलिफोर्निया. हजारो किलोमीटर दक्षिणेला.

गोळे थोडेथोडके नव्हते. आखातभर होते, आणि सांडलेले तेल जिथे पोचलेच नव्हते अशा किनाऱ्यांवरही. कॅलिफोर्नियाचे तेल अलास्कात कोण नेईल? अलास्का म्हणजे तेलाचा देश, ही उल्हासनगरात पाण्याच्या बाटल्या विकण्यासारखी गोष्ट नव्हे, गंगेकाठी गंगाजल विकण्यासारखी झाली.

उत्तर दुसऱ्या एका गुड फ्रायडेला सापडते. २७ मार्च १९६४ च्या संध्याकाळी अलास्कात ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. जमीन चारेक मिनिटे हलत राहिली. व्हाल्डीझ गाव तेव्हा आजच्या जागी नव्हते, काही मैलांवर गाळाच्या जमिनीवर होते. पाण्याखालचा उतार सरकला आणि गावाचा धक्का समुद्रात गेला. एक मालवाहू जहाज नुकतेच लागले होते, ते पाहायला आणि उतरवायला जमलेली तीसएक माणसे त्याबरोबर गेली. किनाऱ्यावरच्या साठवण टाक्या फुटल्या, पेटल्या. त्यांतल्या मालात रस्त्यांसाठी आणलेले डांबर होते, जळणाचे जड तेल होते. अलास्काच्या उत्तर उतारावर प्रुडो बे इथे तेल सापडायला अजून चार वर्षे होती, आणि ते वाहून आणणारी नळवाहिनी तर १९७७ ची. तोवर अलास्का आपले डांबर आणि तेल कॅलिफोर्नियातून जहाजाने आणवत असे.

माणसे गेली, गाव हलले, सरकारी कागदपत्रांत भूकंपाचे नुकसान डॉलरमध्ये मोजले गेले. समुद्रात गेलेल्या डांबराचा कुणी पाठपुरावा केल्याचे दिसत नाही. त्या काळात तसा प्रश्नच पडत नसे. पंचवीस वर्षांनी शास्त्रज्ञ दुसऱ्याच गुन्ह्याचा शोध घेत तिथे गेले नसते, तर कदाचित ते गोळे तसेच राहिले असते. त्यांच्या १९९५ च्या निबंधात गोळ्यांचा संबंध या भूकंपाशी लावलेला आहे. तो वाचताना मला गुहागरची आजी आठवली. तिचे 'आगबोटींची घाण' हे उत्तर इथे चुकले असते.

आतापर्यंतची हकीगत शास्त्राच्या विजयाची आहे आणि साधारणपणे ती इथेच थांबवून सांगितली जाते. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

किनारा सोडून आखाताच्या तळाकडे वळले की वेगळाच प्रश्न उभा राहिला. तळाच्या गाळात, खोल थरांतही, म्हणजे टँकर फुटण्याच्या कितीतरी आधीपासून, हायड्रोकार्बन साचलेले होते. ते कुठून आले? कंपनीच्या बाजूने काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचे म्हणणे असे : आखाताच्या पूर्वेला कटाला आणि याकाटागा या भागांत जमिनीतून तेल आपोआप पाझरते, किनाऱ्यालगतचा प्रवाह ते आत आणतो. कटालाचे पाझर खोटे नव्हते. अलास्कातली पहिली तेलविहीर १९०२ मध्ये तिथेच लागली होती आणि १९३३ च्या नाताळात तिथला छोटा शुद्धीकरण कारखाना जळेपर्यंत तिथून तेल निघत होते. पाझरातल्या तेलात ओलिअनेन आहे, तळाच्या गाळातही आहे. जुळले.

सरकारी प्रयोगशाळेतले जेफ्री शॉर्ट आणि त्यांचे सहकारी म्हणाले, जुळले खरे, पण त्याच किनाऱ्यावर बेरिंग नदीच्या खोऱ्यात कोळशाचे थर आहेत, ते फुलझाडांच्या काळातले आहेत, त्यांची झीज होऊन कोळशाचे कण समुद्रात येतात. ओलिअनेन तर कोळशातही असते. १९९९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गटाने, ज्यात क्वेनवोल्डेन होते, सहज न मोडणाऱ्या दोन प्रकारच्या रेणूंचे गुणोत्तर काढून कोळशाच्याच बाजूने कौल दिला. हेच क्वेनवोल्डेन तीन वर्षांपूर्वी कंपनीच्या शास्त्रज्ञाबरोबर एका आढाव्याचे सहलेखक होते. पुरावा बदलला तसे मत बदलणारा माणूस म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. २००१ मध्ये कंपनीकडच्या गटाचे उत्तर आले : पाझर आहेतच, पण मुख्य वाटा झिजणाऱ्या तेलजनक खडकांचा, कोळशाचा नगण्य.

वरवर पाहता हा गाळातल्या काजळीवरून चाललेला पंडिती वाद आहे. त्यात अडकलेले होते ते त्या ९० कोटींनंतरचे कलम. तेल फुटून दहा वर्षे झाल्यावरही ऊदमांजरे आणि काही जातींची बदके यांच्या शरीरात, तेलातल्या विषारी रेणूंशी गाठ पडली की वाढणारे एक विकर जास्त सापडत होते. आखातात जुनी तेलगळती कायमची असेल, तर हे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या तेलातच जगत आले आहेत. टँकरला दोष कशाला? पण गाळात आहे तो कोळसा असेल, तर त्यातले रेणू कोळशाच्या कणात घट्ट कोंडलेले असतात, प्राण्याच्या अंगात उतरत नाहीत. मग प्राण्यांच्या शरीरातले तेल आले ते किनाऱ्याच्या वाळूखाली राहिलेल्या टँकरच्या तेलातून. शॉर्ट यांच्या गटाने २००१ मध्ये किनाऱ्यावर ९,००० च्या आसपास खड्डे खणले आणि तपासलेल्या जागांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी त्यांना ते सापडले.

दोन्ही बाजूंची यंत्रे सारखी होती. १९१ वजनाच्या तुकड्यांची डोंगररांग दोघांच्या कागदांवर सारखीच उमटत होती. दोघांपैकी कुणी आकडे खोटे लिहिले असे मला वाटत नाही. मतभेद होता तो दप्तरात कोणकोणते ठसे घ्यायचे याचा. पाझरातले तेल घेतले आणि कोळसा घेतलाच नाही, तर गाळ पाझराशी जुळणार. जुळायला दुसरे कोणी रांगेत उभेच नसते. आणि कोळशाचा नमुना आणायला हवा हे कुणाला सुचते, ते बऱ्याच वेळा तो कुठल्या बाजूने बसला आहे यावर अवलंबून असते. माझा कल कोळशाकडे आहे, हे सांगून टाकतो.

२००६ मध्ये सरकारांनी त्या कलमाखाली सव्वानऊ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मागितली. २०१५ मध्ये मागणी सोडून दिली. वाळूखालचे तेल तिथेच होते.

अलास्कातून परत कोकणपट्टीवर येतो, कारण आपल्याकडचे गोळे हा तसाच प्रश्न आहे, फक्त त्यात खटला नाही. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजे एकमेकांवर आदळली, तेव्हा शोधायचे काही नव्हते. तेल कुठून येते आहे ते दिसत होते. दरवर्षीच्या गोळ्यांचे तसे नाही. इराणच्या आखातातून निघणारे टँकर आपल्या समोरून जातात, त्यांतले काही टाक्या धुतलेले पाणी वाटेत सोडतात. शिवाय मुंबई हायची तेलक्षेत्रे आहेत, त्यांच्या नळवाहिन्या आहेत. पावसाळी वारे पश्चिमेकडून येतात आणि जे असेल ते किनाऱ्याला लावतात. गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत गोवा आणि दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यांवरचे गोळे गोळा करून होपेन, त्यांची भावंडे आणि कार्बनची समस्थानिके यांवरून त्यांची छाननी केली आहे. वाऱ्या-प्रवाहांचा हिशेब उलटा चालवून गोळा कुठून निघाला असेल तेही ते पाहतात.

मुंबई हायच्या तेलाला ओळखीची एक खूण आहे. ते चुनखडकात साठलेले असले तरी जन्मले त्याखालच्या पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या शेलमध्ये, किनाऱ्यालगतच्या दलदलींतला झाडपाला ज्यात मिसळला होता त्या गाळातून. म्हणून त्यात ओलिअनेन दिसते. आखाती देशांतले बरेचसे तेल जुन्या सागरी चुनखडकांतले. त्यात फुलझाडांची खूण सहसा नाही. पश्चिम भारतात तेव्हा कसली झाडे होती, याचा अंदाज सुरतजवळच्या वस्तान इथल्या लिग्नाइटच्या खाणीतून येतो. तिथे सापडलेल्या, पाच कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात अडकलेल्या किड्यांवर २०१० मध्ये निबंध आला तेव्हा जगभर बोलबाला झाला. ते अंबर म्हणजे होपियाच्या कुळातल्याच झाडांची राळ. दमर राळच ती, दगड झालेली.

हे वाचले त्या दिवशी मी माळ्यावरून बाटली काढली. गोळा आक्रसून सुपारीएवढा झाला आहे, झाकण गंजले आहे. एका जुन्या विद्यार्थ्याकडे हवे ते यंत्र आहे आणि तो तपासून द्यायला तयारही आहे. ओलिअनेन निघाले, तर मुंबई हायकडे पहिला संशय जाईल. पण मुंबई हायचा शोध लागला १९७४ मध्ये, आणि तेल निघू लागले २१ मे १९७६ रोजी. गोळा त्याआधीचा असेल तर ठसा जुळूनही उपयोग नाही. मग तो एखाद्या नैसर्गिक पाझराचा म्हणावा लागेल, किंवा ओलिअनेन असलेल्या दुसऱ्याच कुठल्या देशाच्या तेलाचा. बाटलीवर माझ्या बाळबोध अक्षरात चिठ्ठी आहे : 'गुहागर, मे महिना.' साल नाही.

मामेबहिणीला फोन केला. ती म्हणाली, "आणीबाणीच्या आधीची सुट्टी रे ती, आजोबा होते तेव्हा." तिचा भाऊ म्हणतो, निवडणुका होऊन गेल्या होत्या, तो मेचाच महिना, पण सत्त्याहत्तरचा. दोघांनाही आजीची खोबरेलाची वाटी लख्ख आठवते.